पाषाणची संगणकशक्ती परभणीला पोहोचू द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल, उच्च व तंत्रशिक्षण, कृषी
आणि राज्यातील सर्व विद्यापीठांचे मा. कुलगुरू



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. माझी मागणी आधीच सांगून टाकते. राज्यातल्या हवामानबदलाच्या अभ्यासासाठी आणि शिक्षणासाठी सगळ्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना मिळून एक सामाईक संगणन केंद्र उभं करा. त्यात मध्यम आकाराचं यंत्र असावं, यंत्रापेक्षा मोठा डेटासाठा असावा, आणि हे दोन्ही चालवायला व शिकवायला कायमस्वरूपी नेमलेली माणसं असावीत. एवढंच मागणं आहे. ते का, हे जरा विस्ताराने लिहिते.

हवामानाच्या गणितात महाराष्ट्र गरीब नाही. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय १९२८ पासून आहे. त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण ते तिथून हललं. कृषी हवामानशास्त्राचा विभाग १९३२ मध्ये पुण्यातच सुरू झाला. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जिला आपण आयआयटीएम म्हणतो. तिथे २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉपचा ‘प्रत्युष’ महासंगणक आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’. म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणितं. त्याच रस्त्यावर आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे. परम मालिका घडवणारं सी-डॅक पुण्याचं. नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ही आला. भारताचं स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल आयआयटीएमनेच रचलं आणि आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालामागच्या मॉडेलांत ते सामील झालं. देशात इतकी सामग्री एका शहरात क्वचितच असेल, आणि मला तिचा अभिमान आहे.

पण या यंत्रांचं पहिलं काम ठरलेलं आहे. आयआयटीएमची यंत्रं मोठ्या संशोधनासाठी आणि देशाच्या अंदाजासाठी राबतात, आणि तसंच व्हायला हवं. मे २०२५ पासून भारताची अंदाजप्रणाली १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरच्या चौकटीवर आली, ती याच कष्टातून. इतर काही यंत्रांवर बाहेरच्यांना अर्ज करता येतो, दारं अगदी बंद नाहीत. मात्र तो अर्ज भरायला जे आधीच यावं लागतं, ते शिकवणारं आमच्याकडे कुणी नाही. परभणी, अकोला, दापोली, राहुरी, नांदेड, गडचिरोली इथल्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला ही सामग्री वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसते.

आता हा अभ्यास प्रदेशाचाच का हवा, जगाचे अहवाल पुरेसे का नाहीत, ते सांगते. हवामानाचं मॉडेल पृथ्वीवर चौकटी आखतं आणि प्रत्येक चौकटीसाठी वारा, तापमान, बाष्प, पाऊस यांचं गणित करतं. जागतिक मॉडेलांची चौकट साधारण शंभर किलोमीटरची. त्या एका चौकटीत कोकणची किनारपट्टी, सह्याद्रीचा कडा, मावळ आणि देशाचा तुकडा एकत्र येतात आणि चौकटीला एकच उंची दिली जाते. बाराशे मीटरचा कडा त्या सरासरीत बसका उंचवटा होतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. हे अंतर सह्याद्रीने निर्माण केलेलं आहे. ज्या गणितात सह्याद्रीच बसका झाला, त्याला पर्जन्यछाया कशी दिसणार? आणि राज्यातल्या दुष्काळाची सारी कथा त्या छायेत आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात. हवामान खात्याच्या दैनंदिन पावसाची जी चौकटबद्ध नोंद आम्ही वापरतो, तिची चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २५-२७ किलोमीटरची आहे. तापमानाची चौकट तर एक अंशाची. क्षेत्रफळाने अख्खा बीड जिल्हा तिच्या एका चौकटीत मावतो. पाटोदा आणि परळीचा उन्हाळा एकच मानून आम्ही कुठला सल्ला देणार?

केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये देशाच्या हवामानबदलाचा पहिला मूल्यांकन अहवाल काढला. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा पावसाळी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक दिसते त्या भागांत पश्चिम घाट आहे, असं तो सांगतो. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना त्याच सुमारास जवळपास ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण कमी आणि एका दिवसात जास्त, हे आम्ही गावात बसूनही सांगू शकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि तळीयेची दरड, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूर-धाराशिवात केलेली दैना, ही उजळणी तुम्हाला नको. पण शेतकरी ज्या प्रश्नाचं उत्तर मागतो ते या अहवालात नाही आणि असणारही नाही. तो विचारतो: सोयाबीन काढणीला आलं की पाऊस येतो, हे आता असंच राहणार का? दापोलीचा बागायतदार विचारतो, थंडी अशीच मागेपुढे झाली तर हापूसच्या मोहोराचं काय? नाशिकचा द्राक्षवाला छाटणीची तारीख विचारतो. हे प्रश्न तालुक्याचे आहेत, पिकाचे आहेत, पंधरवड्याचे आहेत.

त्यासाठी चौकट लहान करावी लागते, आणि खर्च तिथे चढतो. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि गणित ढासळू नये म्हणून काळाची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट. शंभर किलोमीटरवरून साडेबारावर यायला ५१२ पट. गडगडाटी ढग मॉडेलमध्ये अंदाजपंचे न घालता प्रत्यक्ष वाढताना दिसायला हवे असतील तर तीन किलोमीटरच्या आसपास यावं लागतं, आणि तोवर काम ३२ हजार पटींहून वर गेलेलं असतं. साऱ्या जगासाठी हे मागणं अवाजवी आहे. महाराष्ट्रासाठी नाही. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. तीन किलोमीटरच्या चौकटी मांडल्या तर साधारण ३४ हजार होतात. भोवतीचा समुद्र आणि शेजारची राज्यं धरून त्याच्या काही पट. मध्यम आकाराच्या यंत्राला हे पेलतं, फक्त ते यंत्र महिनोन्‌महिने त्याच कामाला मिळायला हवं. डब्ल्यूआरएफ आणि रेगसीएम ही प्रादेशिक मॉडेलं फुकट उपलब्ध आहेत. चालवायला जागा नाही, ही अडचण आहे.

जागा नसते तेव्हा काय होतं, ते एका विद्यार्थिनीच्या कामावरून सांगते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिने आमच्या तालुक्याचा सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस घेतला. मागचा काळ सोपा होता. हवामान खात्याची १९०१ पासूनची दैनंदिन पावसाची नोंद विनामूल्य मिळते आणि सगळी मिळून तीन जीबीच्या आसपास आहे, मोबाइलमध्ये मावेल एवढी. पुढचा काळ मात्र अडला. २०१५ ते २१०० च्या दैनंदिन पावसाची एका मॉडेलची, उत्सर्जनाच्या एका शक्यतेची फाइल ढोबळ हिशेबाने सात जीबीची असते, कारण तिच्यात सारं जग असतं. पाऊस, कमाल आणि किमान तापमान अशा तीन गोष्टी, दहा मॉडेलं, उत्सर्जनाच्या चार शक्यता. म्हणजे १२० फाइली आणि ८०० जीबीच्या वर. त्यातून महाराष्ट्र कापून घेतला तर उरतो जेमतेम हजारावा हिस्सा. तो हजारावा हिस्सा मिळवायला तिने वसतिगृहाच्या वायफायवर रात्री जागून फाइली उतरवल्या. वीज गेली की तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एकेक फाइल उघडायलाच झुंजावं लागलं. शेवटी दहाऐवजी दोन मॉडेलांवर प्रबंध पूर्ण झाला. दोन मॉडेलांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध गेले तर कुणावर विश्वास ठेवायचा, हे दोघांतून कळत नाही. मुलगी हुशार होती, मेहनती होती. तिचं सत्र फाइली उतरवण्यात गेलं.

हेच १२० फाइलींचं काम राज्यात एकदाच करून, महाराष्ट्रापुरतं कापून, तपासून, एका साठ्यात ठेवता आलं असतं. मग तिने तिथल्याच यंत्रावर तिचा प्रोग्रॅम पाठवला असता आणि फक्त आलेख घरी आणला असता. डेटा माणसाकडे ओढण्याऐवजी गणित डेटाकडे पाठवायचं, ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये पर्यावरणाच्या अभ्यासकांसाठी २०१२ पासून ‘जास्मिन’ नावाची सामाईक सोय याच तत्त्वावर चालते. जर्मनीने हॅम्बुर्गला हवामानशास्त्रासाठी सामाईक संगणन केंद्र १९८७ मध्येच काढलं.

पण परदेशाकडे बघायची गरजच काय? पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र आहे. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ते स्थापन केलं, डॉ. जयंत नारळीकर पहिले संचालक. एकेका विद्यापीठाला दुर्बीण, ग्रंथालय, संगणक असं सगळं उभं करता येणार नाही. म्हणून एका ठिकाणी उत्तम उभं करायचं आणि देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना तिथे हक्काने येऊ द्यायचं, हा त्यामागचा विचार. लहान गावातला शिक्षक तिथे सहयोगी म्हणून जातो, राहतो, काम करतो आणि परत येऊन आपल्या वर्गात शिकवतो. त्याला कुणी उपरा मानत नाही, कारण ती संस्था त्याच्यासाठीच आहे. तिने देशातल्या विद्यापीठांत खगोलशास्त्र रुजवलं. त्याच वर्षी, त्याच शहरात सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१ मध्ये त्याने परम ८००० घडवला. या दोन्ही संस्थांची वाट या राज्याला ठाऊक आहे. मी मागते ते हवामानासाठीचं आयुका: पुण्यात मुख्य केंद्र, आणि परभणी, राहुरी, अकोला, दापोली या चार कृषी विद्यापीठांत शाखा. चार विद्यापीठं चार वेगळ्या हवामानांत बसली आहेत, हे आपलं भाग्य आहे.

प्रत्येक संस्थेने आपापलं यंत्र घ्यावं, असं सुचवलं जाईल. ते मी जवळून पाहिलं आहे. एका संस्थेत प्रकल्पाच्या अनुदानातून चांगला सर्व्हर घेतला गेला. निविदा, मंजुरी आणि खरेदीत बराच काळ गेला. बसवून गेलेल्या कंपनीचा माणूस पुन्हा आला नाही, कारण देखभालीच्या कराराला पुढच्या वर्षी लेखाशीर्षच नव्हतं. खोलीचा एसी बिघडला, मग यंत्र तापून बंद पडू लागलं, मग खोलीला कुलूप लागलं. ज्या संशोधक मुलाला ते चालवता येत होतं त्याची शिष्यवृत्ती संपली होती. यात कुणी बेइमानी केली नाही. सुट्या सुट्या यंत्रांचं असंच होतं. एका विभागाच्या जिवावर ती चालतच नाहीत.

म्हणून माणसांबद्दल जरा हट्टाने लिहिते. या केंद्राचा निम्मा खर्च पगारावर होऊ द्या. प्रणाली सांभाळणारे, मॉडेल बसवणारे, डेटा तपासणारे, आणि तालुक्याच्या शिक्षकाने विचारलेल्या बाळबोध प्रश्नालाही मराठीतून उत्तर देणारे, असे लोक मंजूर पदांवर हवेत. कंत्राटी आणि प्रकल्पापुरते नकोत. जिल्हा कृषी हवामान केंद्रांचं उदाहरण समोर आहे: शेतकऱ्याला तालुक्यापुरता सल्ला देणारी माणसं तिथे तयार झाली होती, २०२४ मध्ये केंद्रं बंद झाली आणि ती माणसं पांगली. यंत्र पाच-सहा वर्षांत जुनं होतं आणि नवं विकत घेता येतं. मॉडेल चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस कुठल्याही निविदेने मिळत नाही.

डेटाचं काम मात्र फक्त शासनच करू शकतं. महावेधची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. पीकविम्यासाठी ती उभारली हे ठीक, पण तापमान, आर्द्रता, वारा आणि पावसाची इतकी दाट नोंद म्हणजे अभ्यासकांसाठी खजिना आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जलसंपदा विभागाकडे नद्यांच्या प्रवाहाच्या आणि धरणांच्या नोंदी आहेत. तहसिलात पर्जन्यमापकाच्या जुन्या वह्या आहेत. त्यांतल्या किती वाळवीला गेल्या हे कुणी विचारलेलं नाही. कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर दशकानुदशकं रोज सकाळी घेतलेली वाचनं आहेत. हे सगळं जनतेच्या पैशाने मोजलेलं आहे आणि वेगवेगळ्या कपाटांत आहे. पाऊस एका खात्याकडे, विहीर दुसऱ्याकडे, पीक तिसऱ्याकडे. अशाने पाऊस चुकला की विहीर किती दिवसांत आटते आणि कापूस कुठल्या अवस्थेत मार खातो, हे जोडून बघताच येत नाही. एक शासन निर्णय काढा: संशोधनासाठी आणि शिक्षणासाठी या नोंदी ठरलेल्या मुदतीत, एकाच नमुन्यात, या केंद्रात जमा होतील, आणि राज्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखपत्रावर मिळतील. याला यंत्र लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. हे उद्यासुद्धा सुरू होऊ शकतं.

राज्याचा हवामान अनुकूलन कृती आराखडा २०१४ मध्ये टेरी या संस्थेने तयार केला. त्यातली भविष्यातल्या हवामानाची गणितं ब्रिटनच्या हवामान खात्याच्या साहाय्याने झाली. तेव्हा ते योग्यच होतं आणि ते काम उपयोगीही पडलं. पण पुढचा आराखडा करताना ही गणितं आपल्याच विद्यापीठांतून, आपल्या मंडळनिहाय नोंदींशी ताडून यावीत आणि दर काही वर्षांनी सुधारली जावीत, एवढी अपेक्षा मी धरते.

शिक्षणाबद्दल. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणशास्त्राचा विषय सक्तीचा आहे आणि त्यात प्रकल्प करावा लागतो. तो प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, हे आपण सगळे जाणतो. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना खरं काही मोजायला आपण दिलंच नाही. समजा हिंगोलीच्या बी.ए.च्या मुलीला एका पानावर तिचा तालुका निवडता आला, १९०१ पासूनचा पाऊस समोर आला, सलग वीस कोरडे दिवस किती पावसाळ्यांत आले हे तिने स्वतः मोजलं, आणि मग आजोबांना विचारून १९७२ चा दुष्काळ त्या आलेखात शोधला. तिला पायथॉन ही संगणकाची भाषा यायची गरज नाही. एम.एस्सी.च्या मुलाला ती यावी, आणि ती शिकवणारी उन्हाळी कार्यशाळा त्याच्या जिल्ह्यात व्हावी. यंत्रावरचा वेळ देतानाही काही भाग फक्त महाविद्यालयांसाठी राखून ठेवा, आणि लहान अर्जांना दहा दिवसांत होकार किंवा नकार द्या. मोठ्या संस्थांशी एकाच रांगेत उभं केलंत तर आमचा नंबर कधीच लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर ‘अर्क’ आणि त्याचा नोएडातला जोडीदार ‘अरुणिका’ मिळून ८५० कोटींचा खर्च झाला. पुणे, दिल्ली, कोलकाता इथल्या तीन ‘परम रुद्र’ यंत्रांना १३० कोटी लागले. मी मागते ते केंद्र यांतल्या दुसऱ्या आकड्याच्याही बरंच खाली राहील, कारण सगळ्यात महाग गणितांसाठी आहेत त्याच यंत्रांवर करार करून वेळ घेता येईल. शासनाने २०२५ मध्ये महाकृषी-एआय धोरण ५०० कोटींच्या तरतुदीसह मंजूर केलं. कृत्रिम बुद्धिमत्तेची हवामान मॉडेलं खरोखर वेगाने पुढे जात आहेत, आणि माझा त्यांना विरोध नाही. पण ती शिकतात जुन्या नोंदींवरून आणि भौतिक मॉडेलांच्या गणितांवरून. मराठवाड्याच्या नोंदी विखुरलेल्या राहिल्या तर त्या बुद्धिमत्तेला मराठवाडा ठाऊकच असणार नाही. त्या धोरणातला एक हिस्सा या केंद्राकडे वळवलात तर धोरणाचाच पाया पक्का होईल.

येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनाआधी एक बैठक बोलवा. आयआयटीएम, सी-डॅक, हवामान खातं, आयुका, चारही कृषी विद्यापीठं आणि तिन्ही खात्यांचे सचिव यांना बोलवालच. तालुक्याच्या महाविद्यालयांतलेही काही शिक्षक तिथे असू द्या. पहिल्या वर्षात फक्त डेटासाठा आणि दहा पदं मंजूर झाली तरी काम सुरू होईल, यंत्र मागाहून आलं तरी चालेल. आमच्या विभागाने मोजायच्या प्रश्नांची यादी करून ठेवली आहे, तालुकावार. बैठकीची तारीख कळवावी.

आपली,
पदार्थविज्ञानाची एक प्राध्यापिका, मराठवाडा